दुधाचा पेला आणि काळं अकॉर्डियन

१

एका सुनेनं सासऱ्याला दुधातून विष घातलं असं सगळा बंदररस्ता बोलत होता, आणि त्याच दुधाचा पेला घेऊन माझा धाकटा भाऊ सकाळी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभा होता.

"ओट्यावर ठेवू नकोस ते!" मी ओरडले.

"ताई, पिशवीत बंद आहे."

"लहानपणी बेडूकसुद्धा पिशवीत बंद आहे म्हणाला होतास."

धाकटा फौजदार आहे. बाहेर त्याला पाहून लोक रस्ता बदलतात, माझ्याकडे आला की आधी बूट काढतो आणि मग टोपी. मी साथरोगांची डॉक्टर. माणूस आजारी पडला की बाकीचे डॉक्टर विचारतात, काय झालंय? मी विचारते, हे आलं कुठून? सरकारनं मला निवृत्त केलंय, पण खोड काही निवृत्त होत नाही.

"सूरवाले आठवतात?" धाकट्यानं विचारलं.

न आठवायला काय झालं! आमच्या वडिलांचं अकॉर्डियन त्यांनीच दुरुस्त केलं होतं. बंदररस्त्यावर त्यांचं दुकान, आणि मागे घर. नाव कुणी घेत नाही, सगळे सूरवालेच म्हणतात.

"गेले कित्येक आठवडे आजारी आहेत. ताप, खोकला, सांधे ठणकतात, अंगावर मांस राहिलेलं नाही. क्षयाची औषधं दिली, काही उपयोग झाला नाही. आता छातीच्या फोटोत गाठ दिसतेय. सर्जनला कॅन्सर वाटतोय. कालच दवाखान्यात हलवलंय, सोमवारी फुप्फुसाचा तुकडा कापणार. आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं तक्रार दिली आहे की हे सगळं सुनेचं काम आहे. रोज संध्याकाळी ती त्यांना दूध देते. उरलेलं कुत्रा पितो. आता कुत्राही आजारी आहे."

"मुलगा?"

"बोटीवर. सुट्टी संपवून गेला आणि महिन्याभरात बापानं अंथरूण धरलं. वरचे साहेब म्हणतात, सुनेला आजच आत घ्या. मी त्यांना सोमवारपर्यंत थोपवलंय. म्हातारा टेबलावरून उठला नाही, तर ती पोर जन्मभर खुनी म्हणून जगेल."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तिनंच केलंय." त्यानं टोपी गोल फिरवली. "पण मला वाटतं त्याच्या उलट निघतं, हे आपल्या घरात लहानपणापासून चालत आलंय. म्हणून तुझ्याकडे आलो."

मी पदर खोचला. पेला प्रयोगशाळेत पाठवला आणि चपला घातल्या.

२

दुकानात शिरलं की आधी वास भेटतो, मेणाचा आणि राळेचा. भिंतीवर अकॉर्डियनं टांगलेली, खिडकीपाशी लांब बाक, बाकावर ब्रश, कानशी आणि मेण वितळवायची चिमुकली कढई. दाराबाहेर खुर्ची टाकून सूरवाल्यांची थोरली बहीण, सगळ्या रस्त्याच्या आत्या, बसल्या होत्या. हातात काठी, आणि जिभेला काठीहून जास्त धार.

"आत बसत नाही मी," त्या म्हणाल्या. "आतला वास मला सोसत नाही आणि आतली माणसंही."

"विष घालताना तुम्ही पाहिलंत?"

"विष घालणारी काय ताट वाजवून घालते का? पण डोळे आहेत मला. ही बया गेले काही महिने तोंडाला ओलं फडकं बांधून कामाला बसते. आधी कधी बांधलं नव्हतं. का बांधलं? त्या हवेत काय आहे ते हिला ठाऊक होतं म्हणून! एकटीच औषधाच्या दुकानात जाते, पुडी पोलक्यात लपवून आणते. आणि फडताळात बघा, उंदराच्या विषाचा डबा आहे."

"उंदीर असतील."

"आहेत. कातड्याचे तुकडे कुरतडतात. पण उंदीर मरतायत कुठे? मरतोय माझा भाऊ!" आत्यांचा आवाज फुटला. त्या रागानं रडत होत्या. "नडग्यांवर लाल लाल गाठी उमटल्यात त्याच्या. हात लावला तर कळवळतो. अंगातलं विष वर आलं आहे ते. त्यानं दुकान हिच्या हातात देणार म्हणून सांगितलं, आणि तिथूनच हे सुरू झालं."

बाकाखाली नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, जुन्या तुकड्यांवर एक तपकिरी कुत्रा पडला होता. त्याचं नाव भोंगा. बंदरात बोट शिरली की बोटीच्या आधी हाच ओरडायचा, म्हणून ते नाव. मला पाहून तो लंगडत उठला, भुंकायला तोंड उघडलं, आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

मी वाकून त्याचे पाय चाचपले. एक सांधा टरारून सुजला होता. त्याच्या पुढ्यातली ताटली मात्र चाटून लख्ख केलेली.

"खातो का नीट?"

"त्याला काय झालंय खायला! जोडेसुद्धा खाईल," आत्या बाहेरूनच म्हणाल्या.

हे मी डोक्यात टिपून ठेवलं. धाकट्याला मात्र वेगळंच दिसलं होतं. त्यानं फडताळातून डबा काढला आणि माझ्यासमोर धरला. डबा अर्धा रिकामा होता.

३

सून मागच्या खोलीतून आली. अंगावर जाड कापडाचा सैल झगा, बोटांना मेण, तोंडाला खरंच ओलं फडकं. ते तिनं आमच्यासमोर सोडलं, पण घडी करून हातातच ठेवलं.

"हे का बांधता?" मी विचारलं.

"वास सहन होत नाही."

"या दुकानात लग्न होऊन आलात तेव्हापासून हाच वास आहे."

तिनं फडक्याची आणखी एक घडी घातली.

"औषधाच्या दुकानात कशाला गेला होतात?"

"ते मी सांगणार नाही." तिनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं. "दूध मी देते. त्यात काही घातलेलं नाही. बाकी जे माझं आहे ते माझं आहे."

धाकट्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, मी सांगत नव्हतो? अशा वेळी त्याला चिमटा काढावासा वाटतो, पण वर्दीतल्या माणसाला चारचौघांत चिमटा काढता येत नाही.

"बाबा केव्हापासून पडले?" मी विषय बदलला.

"हे आलं आणि त्यानंतर दोनतीन आठवड्यांत." तिनं बाकाच्या टोकाकडे बोट दाखवलं.

तिथे एक काळं अकॉर्डियन होतं, जुनं आणि देखणं, पट्ट्यांना शिंपल्याची चमक. "एका सर्कसवाल्या म्हाताऱ्याचं आहे. समोरच्या दुकानदारानं आधी उघडलं आणि जमणार नाही म्हणून आमच्याकडे पाठवलं. बाबांचा अगदी जीव जडला यावर. आतले सगळे सूर एकट्यानं लावत होते, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मी आपली खिडकीत बसून दुसरी कामं करायची. एकच सूर राहिलाय बघा. तेवढा झाला असता तर..."

मी भात्याची एक घडी उघडून बोट फिरवलं. आमचं गाव दमट. इथे कशावरही बोट फिरवा, काळपट, चिकट मळ निघतो. या घडीतून निघाली ती कोरडी, फिकट तांबूस, पिठासारखी पूड.

मी बोट बाकावरच्या एका ओल्या चिंधीला पुसलं आणि दवाखान्यात निघाले. तेव्हा मला काडीचं कळलं नव्हतं. नंतर त्या बोटाची आठवण झाली आणि दरदरून घाम फुटला.

४

सूरवाले उशांना टेकून बसले होते. हाडांवर सदरा घातल्यासारखे दिसत होते, पण जीभ शाबूत होती.

"माझ्या सुनेनं विष घातलं?" ते खोकत खोकत हसले. "तिनं घातलं असतं तर मी पहिल्या दिवशीच गेलो असतो. अर्धवट काम ती करतच नाही, डॉक्टरीणबाई. मीच शिकवलंय तिला."

"गेल्या वर्षभरात बाहेरगावी कुठे गेला होतात? रानात, खाणीत, कुठे?"

"मी? दुकानाचा उंबरा ओलांडला तर थोरली अक्का शोधपथक पाठवते."

मी त्यांच्या नडग्या पाहिल्या. गाठी आता फिकट पडल्या होत्या. पोट दाबून पाहिलं, अगदी मऊ. उलटी नाही, जुलाब नाही, कुठून रक्तही नाही.

सर्जन आत आला. तरुण, भला माणूस. छातीचा फोटो उजेडाला धरून त्यानं गाठ दाखवली. "सोमवारी काढतो. थांबलो आणि पसरलं तर मीच स्वतःला माफ करणार नाही."

"फुप्फुस कापलं तर यांच्या श्वासाचं काय?"

"थोडा कमी होईल."

सूरवाल्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. श्वास हाच त्यांचा धंदा होता, हे त्या पोराला कुठून कळणार?

बाहेर येऊन मी प्रयोगशाळेत फोन लावला. दूध स्वच्छ होतं. "आणि सूरवाल्यांच्या थुंकीचा नमुना?" मी विचारलं.

"क्षयाचे जंतू नाहीत, मॅडम. एका बशीत पांढरं, कापसासारखं काहीतरी उगवलंय. हवेतली बुरशी पडली असणार. आज साफसफाईत ती बशी उघडून धुऊन टाकतोय."

मी बरं म्हणाले. हो, मीच म्हणाले! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"दूध स्वच्छ आहे," मी धाकट्याला सांगितलं. "आणि उंदराच्या विषानं रक्तस्राव होतो, खोकला येत नाही. विष आधी पोटात जातं. या दोघांची पोटं ठणठणीत आहेत, कुत्रा तर ताटली चाटून पुसतोय. दोघांचं दुखणं छातीत आणि सांध्यांत. हे पोटातून आलेलं नाही, धाकट्या. दोघांनी एकच गोष्ट श्वासातून घेतली आहे."

त्यानं टोपी पुन्हा गोल फिरवली. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे त्या खोलीतल्या हवेत काहीतरी होतं. आणि त्या खोलीत तोंडाला फडकं बांधून बसणारी एकच बाई होती."

मी त्या पोरीला सोडवायला गेले आणि फास आणखी आवळून बसले.

५

सर्कसवाला गोदीजवळच्या खानावळीच्या माडीवर राहत होता. अंगानं काटक, मिशा पांढऱ्याशुभ्र, चेहरा उन्हानं रापलेला.

"माझं अकॉर्डियन झालं का?" त्याचा पहिला प्रश्न.

"एक सूर राहिलाय. आधी मला सांगा, ते कुठे कुठे वाजलंय?"

त्याचा चेहरा उजळला. "वाळवंटात, बाई! सगळा जन्म वाळवंटाच्या कडेकडेनं तंबू ठोकले आम्ही. पाऊस शिंतडून गेला, जमीन वाळली, की वादळं सुरू. समोरचा माणूस दिसायचा नाही. लोक घाबरून पळाले तर चेंगराचेंगरी व्हायची, म्हणून मालकाचा हुकूम होता, वादळ आलं की वाजवायचं थांबायचं नाही. तोंडाला फडकं गुंडाळून मी वाजवत राहायचो."

मी डोळे मिटले. भाता उघडतो तेव्हा हवा आत ओढतो. वादळात उघडलेला भाता काय ओढत असेल?

"तुम्हाला कधी ताप, खोकला?"

"वाळूचा ताप! तो सगळ्यांनाच यायचा. नवा माणूस आला की पहिल्या वर्षातच यायचा. खोकला, सांधे धरायचे, नडग्यांवर लाल गाठी..."

"नडग्यांवर?" मी ताडकन उठले.

"हो. बहुतेक जण आपोआप बरे व्हायचे, एखादा जायचा. एकदा येऊन गेला की पुन्हा वाटेला जात नाही. आमचा सिंहसुद्धा खोकून खोकून लंगडा झाला होता. त्यानं तर कुणाच्या हातचं दूधही प्यायलं नव्हतं!"

त्या सिंहाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. जिना उतरता उतरता मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. उचला रे, उचला! मला डोळ्यांसमोर दिसत होतं, कुणीतरी त्या बशीच्या झाकणाला बोट लावतंय, आणि आतल्या पांढऱ्या कापसाचा धूर उडतोय.

"बोला मॅडम."

"ती बशी उघडू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा हातगाडीवाला हातगाडी सोडून उभा राहिला. "झाकणाला हात लावू नका. खोलीबाहेर व्हा, दार बंद करा!"

पलीकडे नळ बंद झाला. मग बारीक आवाजात, "मॅडम, झाकण माझ्या हाताखालीच आहे."

"उचललंस?"

"नाही. तेवढ्यात फोन वाजला."

मी तिथेच पायरीवर बसले आणि देवाचे आभार मानले. एरवी आमचं फारसं बोलणं होत नाही.

६

"बुरशी?" धाकटा म्हणाला. "भाकरीवर येते ती?"

"तिची लांबची बहीण. वाळवंटाच्या मातीत राहते. ओल मिळाली की मातीत धागे पसरते, माती सुकली की त्या धाग्यांचा भुगा होतो. वारा आला की धुळीबरोबर उडते, आणि ज्याच्या छातीत शिरते तिथे घर करते. क्षयासारखी दिसते, कॅन्सरसारखी दिसते. आपल्या गावात ती नाही, म्हणून इथल्या डॉक्टरच्या मनातसुद्धा येत नाही. ते रोग्याला विचारतात, वाळवंटात गेला होतास का? तो नाही म्हणतो, आणि विषय संपतो. अरे, हा गेला नव्हता, पण वाळवंट भात्यात बसून याच्या बाकावर आलं होतं!"

मला वाटलं तो टाळ्या वाजवेल. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, समोरच्या दुकानदारानं हेच अकॉर्डियन आधी उघडलं होतं. तो घोड्यासारखा धडधाकट आहे. मग ही धूळ माणसं निवडून धरते का? साहेब हेच विचारतील, आणि मी पुन्हा तुझ्याकडे बघत बसेन."

माझ्या धाकट्यानं मला निरुत्तर केलं, हे मी इथे लिहून ठेवते, कारण असा प्रसंग पुन्हा यायचा नाही.

समोरचा दुकानदार गोल गरगरीत, घामेजलेला. सूरवाल्यांशी त्याचं जन्माचं वाकडं. "मी कशाला विष घालू?" आम्ही विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"तुमच्यावर कुणी आळ घेतलेला नाही. ते काळं अकॉर्डियन उघडून तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा."

"काय करणार? दारात उजेडाला घेऊन बसलो. एक जीभ काढली, तपासली, आतला कचरा पाहिला आणि लगेच बंद केलं. ते काम सूरवाल्यासारख्या खुळ्यानंच करावं."

"जीभ म्हणजे?"

त्यानं खणातून बोटाएवढी धातूची पट्टी काढली. तिच्यावर पोलादाची पातळ पाती. "ही जीभ. हवा गेली की थरथरते, त्याचा सूर होतो."

"आणि तपासता कशी?"

"अशी." त्यानं पट्टी ओठांशी नेली आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून फुंकर मारली. झकास सूर निघाला. "सूरवाला यावरून मला नावं ठेवतो. म्हणतो, फुंकणारा कारागीर नव्हे."

"का? ते काय करतात?"

त्यानं सांगितलं. मी धाकट्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली. "जा, सगळ्यांना दवाखान्यात बोलाव. आणि ही नवी कोरी जीभ मला उसनी द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

७

खोलीत दाटी झाली. पलंगावर सूरवाले, उशाशी आत्या, पायथ्याशी सून, दारात समोरचा दुकानदार, खिडकीपाशी सर्जन. धाकटा सुनेच्या शेजारी उभा होता, आणि का उभा होता ते सगळ्यांना माहीत होतं.

मी उकळून स्वच्छ केलेली ती पट्टी सूरवाल्यांच्या हातात दिली. "जरा बघता, सूर बरोबर लागतोय का?"

आजारी माणसाच्या डोळ्यांत एकदम जान आली. त्यांनी पट्टी ओठांशी नेली, मान किंचित मागे टाकली आणि श्वास आत ओढला. खोल, अगदी पोटापर्यंत. बारीक, गोड सूर निघाला आणि त्यापाठोपाठ खोकल्याची उबळ.

"फुंकून बघा ना," मी म्हटलं.

"फुंकून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी जोड्यानं मेण ढवळायला सांगितलंय. "फुंकरीत ओल असते, बाई. ओलीनं पोलाद गंजतं. फुंकतात ते फुगेवाले." आणि दाराकडे एक कटाक्ष. "जीभ तपासायची ती श्वास आत ओढूनच. माझ्या गुरूनं पहिल्या दिवशी तेच शिकवलं."

"त्या काळ्या अकॉर्डियनमध्ये अशा जिभा किती?"

"शेकड्यांनी. आणि प्रत्येक पुन्हा पुन्हा ओढून बघावी लागते."

सर्जनच्या हातातला फोटो खाली आला. पोरगा हुशार होता, त्याला पुढचं सांगायला लागलं नाही.

बाकीच्यांना मी सांगितलं. "वाळवंटातली वादळं त्या भात्यानं ओढून घेतली आणि प्रत्येक जिभेवर त्यांची धूळ बसली. त्या धुळीत बुरशी होती. समोरच्यांनी एकच जीभ काढली, तीही उघड्या दारात, आणि श्वास बाहेर सोडून तपासली. ते वाचले. सूरवाल्यांनी एकूणएक जीभ ओठांशी धरली आणि ती धूळ आपल्या हातांनी छातीत घातली. ब्रशनं झाडलेली धूळ बाकाखाली पडली, तिथे भोंगा झोपतो. आत्या दाराबाहेर बसतात, त्यांना काही झालं नाही. सूनबाई खिडकीत बसल्या, वर ओलं फडकं. ज्या फडक्यामुळे त्या खुनी ठरल्या त्यानंच बहुधा त्यांना वाचवलं. इथे विष नाही आणि खुनीही नाही. एका माणसानं आपलं काम फार चोख केलं, एवढाच गुन्हा घडलाय."

"पण ते फडकं बांधलंच का?" आत्यांनी काठी आपटली. "आणि ती पुडी? ते सांगू दे आधी!"

सगळे सुनेकडे बघू लागले. सूरवाले म्हणाले, "बाळ, तुझी मर्जी असेल तरच सांग."

तिनं सैल झग्यावरून पोटावर हात ठेवला. तेवढ्यानंच माझ्या लक्षात आलं. एवढी मोठी डॉक्टर मी, आणि हे मला दिसलं नव्हतं!

"मेणाच्या वासानं मळमळायचं," ती म्हणाली. "पुडीत त्याच्याच गोळ्या. मागच्या वेळी आनंदानं सगळ्यांना सांगितलं होतं. आणि मग एकेकाला पुन्हा सांगावं लागलं, की आता नाही. या वेळी ठरवलं, चार महिने पुरे झाल्याशिवाय बोलायचं नाही. तुरुंगात गेले असते तरी बोलले नसते."

मग सूरवाले हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आत्या उठल्या. काठी जमिनीवर पडली ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला," त्या पुटपुटल्या. "माझ्याच जिभेला गंज चढलाय."

सर्जननं घसा साफ केला. "बाई, सगळं पटतंय. पण पटण्यावर मी सोमवारची शस्त्रक्रिया थांबवू शकत नाही. मला पुरावा हवा."

"रक्त मोठ्या प्रयोगशाळेत गेलंय," मी म्हटलं. "सूरवाल्यांचंही आणि सूनबाईंचंही."

८

रविवारी दुपारी फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. बोलणाऱ्या पोरीनं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझ्या हातातलं पातेलं पडलं. सूरवाल्यांच्या रक्तात त्या बुरशीच्या खुणा ठसठशीत मिळाल्या होत्या. बंद पेटीत तपासलेल्या बशीतही तीच निघाली. सुनेचं रक्त स्वच्छ होतं.

मी दवाखान्यात धावत गेले. या वयात धावले! सर्जननं कागद वाचला आणि फळ्यावरचं सोमवारचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. कापायला मिळालं नाही म्हणून एवढा खूश झालेला सर्जन मी दुसरा पाहिलेला नाही. बुरशीवरच्या गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू झाल्या. भोंग्यालाही जनावरांच्या डॉक्टरनं त्याच दिल्या, त्याच्या मापानं.

बरं व्हायला वेळ लागला. ही बुरशी घर सोडायला आढेवेढे घेते. पण ताप उतरला, सांधे मोकळे झाले, फोटोतली गाठ आक्रसत गेली, आणि एका सकाळी सूरवाले आपल्या पायांनी दुकानात आले.

बंदररस्ता लोटला होता. काळं अकॉर्डियन मी सीलबंद करून नेलं होतं, ते प्रयोगशाळेत पूर्ण निर्धोक होऊन परत आलं होतं. बाकावर एक नवी वस्तू होती. सुनेनं बनवलेला छोटा पायभाता, त्याला काचेचं झाकण आणि बाहेर जाणारी नळी. जीभ आत ठेवायची, पायानं दाबायचं, हवा आत ओढली जाते. ओल नाही, गंज नाही, आणि कुणाची छातीही मध्ये नाही.

"गुरूनं हे शिकवलं नव्हतं," सूरवाले म्हणाले.

"गुरूला सून नव्हती," ती म्हणाली. तिचं पोट आता कुठल्याच झग्यात मावत नव्हतं.

शेवटची जीभ पायभात्यावर चढली. सूरवाल्यांनी कान टेकवला, कानस फिरवली, पुन्हा ऐकलं, मान डोलावली आणि जीभ अकॉर्डियनमध्ये बसवली. समोरचा दुकानदार सर्वांत पुढे उभा राहून बघत होता. सर्कसवाल्यानं पट्टे खांद्यावर चढवले आणि वाजवायला सुरुवात केली. भोंगा बाकाखालून बाहेर आला, तोंड वर केलं आणि असा भुंकला की धक्क्यावरचे खलाशी वळून बघायला लागले.

त्या गडबडीत धाकट्यानं मला बाजूला घेतलं. त्याच्या हातात ती पिशवी होती, आत तोच पेला. "जप्तीतला आहे. परत करायचाय. कुणाच्या हातात देऊ?"

मी काही बोलायच्या आधी आत्या पुढे झाल्या. या वेळी त्या दाराबाहेर बसल्या नव्हत्या, आत, सुनेच्या शेजारी होत्या. त्यांनी पिशवी फाडली, पेला नळाखाली धुतला आणि भरल्या रस्त्यादेखत सुनेपुढे धरला.

"दूध आहे का ग घरात?"

"आहे."

"मग घाल यात. तुझ्या हातानं."

सूनबाईंनी दूध ओतलं. वाजवणारा थांबला, सगळे बघत राहिले. आत्यांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. ओठावरची दुधाची मिशी पदरानं पुसून त्या रस्त्याकडे वळल्या.

"बघून घेतलंत ना सगळ्यांनी?" त्या गरजल्या. "आता घरोघर जाऊन हेही सांगा!"